कच्चा निघालेला पाव

कस्तुराबाईने साचा फडक्यावर उलटा केला, तेव्हा पाव पडल्याचा आवाजच आला नाही. भाजलेला पाव पडला की टप्प असा पोकळ आवाज होतो. हा मात्र मातीच्या ओल्या गोळ्यासारखा खाली बसला. वरची बाजू पांढरी फटक. बोटाने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिने दुसरा साचा उलटा केला, तिसरा केला. सगळे तसेच. मग ते पाव ओळीने मांडून ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. एरवी असं झालं असतं तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता. आज तिला काहीच वाटलं नाही. पाव कच्चे निघाले एवढं तिला कळलं, आणि तिने ते गाईच्या घमेल्यात टाकले.

लोणावळ्यात तुंगार्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंदिराबाई लेल्यांचं आरोग्यभवन होतं. नाव भारदस्त असलं तरी बंगला साधाच. पुढे पडवी, मागे विहीर आणि मधे पाहुण्यांच्या खोल्या. मुंबईची माणसं तिथे हवापालटाला येत. कुणी दुखण्यातून उठलेलं, कुणी बाळंतपणाने थकलेलं, कुणी नुसतंच कंटाळलेलं. पुष्कळांना डॉक्टरांनी दूध-पाव सांगितलेला असे, आणि कस्तुराबाईच्या पावाची चटक लागलेली माणसं मुंबईला परतताना चार पाव पंच्यात गुंडाळून नेत.

कस्तुराबाई मूळची वडिवळ्याची. नवरा रेल्वेत गँगमन होता. घाटात रुळांवर दरड कोसळली आणि त्यात तो गेला, तेव्हा हौशीराम अजून रांगत होता. दिराच्या संसारात ओझं नको म्हणून ती पोराला काखोटीला मारून लोणावळ्याला आली आणि रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायला राहिली. तिथल्या गोवेकर खानसाम्याच्या हाताखाली ती पीठ मळायला शिकली, पुढे पाव करायला शिकली. साहेबाने विलायतेहून विजेची भट्टी आणवली होती. मोठ्या पेटीएवढी, काळी, जड दाराची. आत वरखाली तापायच्या दोन तारा, आणि बाजूला तीन खुणांचं बटण. पहिली खूण मंद आचेची, दुसरी मधली, तिसरी पुऱ्या आचेची. पाव भाजायचा तो तिसऱ्या खुणेवर.

साहेब कायमचा विलायतेला गेला तेव्हा त्याचं सामान विकलं गेलं. इंदिराबाईंनी ती भट्टी घेतली, आणि ती चालवणारं दुसरं कुणी नाही म्हणून कस्तुराबाईलाही कामावर ठेवली. पण आरोग्यभवनाचे जुने आचारी त्र्यंबकभट अडून बसले. ज्या भट्टीत मांस शिजलं ती माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही, म्हणाले. शिवाय पीठ फुगवायला लागे घाटाखालून येणारी ताडी, म्हणजे तर बोलायलाच नको. शेवटी विहिरीपलीकडची लाकडं ठेवायची खोली रिकामी करून भट्टी तिथे बसवली. तीच कस्तुराबाईची खोली झाली. थंडीच्या दिवसांत सगळं लोणावळं कुडकुडत असायचं, पण त्या खोलीत ऊब असायची. हौशीराम त्या उबेत अभ्यास करता करता झोपी जायचा.

तोच हौशीराम पुढे पलटणीत भरती झाला. मधे रजेवर आला तेव्हा त्याचं शालूशी लग्न लावलं. हळद उतरते न उतरते तोच बोलावणं आलं आणि तो समुद्रापार गेला. त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर पोस्टाने बातमी आली, की हौशीराम इटलीत लढाईत कामी आला.

कस्तुराबाई वडिवळ्याला गेली. सोपान, तिचा दीर, कामशेत स्टेशनावर न्यायला आला होता. घरात बाया जमल्या होत्या. ती उंबऱ्यात पाऊल टाकते तोच सगळ्यांनी एकदम हंबरडा फोडला. ती मात्र भिंतीला टेकून बसली आणि समोरच्या कणगीकडे बघत राहिली. तिची जाऊ बयाबाई तिचे खांदे धरून गदागदा हलवायला लागली.

"रड गं बाई, रड. मोकळी हो. असं कोंडून घिऊ नगं."

कस्तुराबाईने डोळे मिटून पाहिलं. पाणी आलं नाही. अंगावर घोंगडी घेऊन पाण्यात उभं राहावं तसं वाटत होतं, सगळं जड आणि लांबचं. कोपऱ्यात शालू तोंडावर पदर घेऊन बसली होती. तिचाही आवाज नव्हता. सगळे विधी उरकले. पिंडाला कावळा शिवला. बाया पाणवठ्यावर बोलायला लागल्या, की कस्तुरा शहरात राहून दगड झाली. ते तिच्या कानावर आलं. तिला राग आला नाही. तसंच असेल, असं वाटलं.

ती कामावर परतली तेव्हा इंदिराबाई म्हणाल्या, "अगं, इतक्या लवकर कशाला आलीस? थोडे दिवस राहायचंस ना."

"तितं बसून काय करू? हितं काम हाय."

आणि त्यानंतर दोनतीन दिवसांतच पाव कच्चे निघायला लागले.

पहिल्या दिवशी इंदिराबाई मागच्या खोलीत आल्या. त्यांनी एक पाव मोडून पाहिला. आत पीठ चिकट होतं.

"कस्तुरा, ताडी घातली होतीस ना?"

कस्तुराबाई आठवायला लागली. हात पिठात होते ते आठवत होतं. बाकी काही आठवेना.

"घातली आसंल," ती म्हणाली.

"आणि भट्टी? किती वेळ ठेवलेस?"

"रोजच्यासारकंच."

इंदिराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पाव खाली ठेवून हलक्या आवाजात म्हणाल्या, "होतं असं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

विहिरीवर पाणी शेंदताना त्र्यंबकभट भेटले. इतक्या वर्षांत ते त्या खोलीच्या दारापर्यंतही आले नव्हते, पण मनाचे वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, माणसाचा हात जातो हो दुःखात. माझी आई गेली त्या साली माझ्या हातची आमटी कुणी तोंडात घालीना. येतो परत. घाई करू नका."

तिने मान हलवली. त्यांचं म्हणणं तिला पटलं होतं. जो जीव आपल्या पोराला रडत नाही, त्याचा हात कसा राहील? तेही गेलं, इतकंच.

तरी सकाळ झाली की ती उठायची आणि पीठ मळायला बसायची. लढाईमुळे रेशनवर मिळणारा मैदा भुरकट, त्यात कोंडा फार. तिने तो बारीक चाळणीने दोनदा चाळून पाहिला. ताडी शिळी असेल म्हणून ताजी आणवली. पीठ ताटाखाली नेहमीपेक्षा जास्त वेळ फुगू दिलं. ते चांगलं टम्म फुगलं. पाव भट्टीत जास्त वेळ ठेवून पाहिले, तर वरून वातड झाले, कातड्यासारखे, आणि रंग तो नाहीच. एकेक गोष्ट बदलायची, बघायचं, घमेल्यात टाकायचं. चिडणं नाही, हळहळणं नाही. गाय मात्र त्या दिवसांत सुखात होती.

पाहुण्यांसाठी बाजारातल्या बेकरीतून पाव यायला लागला. एक पारशी म्हातारे दर हिवाळ्यात यायचे. त्यांनी त्या पावाचा तुकडा बशीत तसाच ठेवला आणि विचारलं, "ती बाई आजारी हाय काय?" इंदिराबाई म्हणाल्या, "हो, जरा बरं नाही."

त्याच आठवड्यात पडवीतला दिवा लागेनासा झाला म्हणून भिमाजी वायरमनला बोलावणं गेलं. भिमाजी तळेगावचा. पस्तिशीचा, बोलका, खांद्यावर झोळी आणि कानामागे पेन्सिल. लोणावळ्यात बंगल्याबंगल्यांतून त्याचं जाणंयेणं. दिवा झाल्यावर इंदिराबाई त्याला म्हणाल्या, "आलाच आहेस तर मागच्या भट्टीवरही एक नजर टाक. भट्टीला काही झालं असेलसं वाटत नाही, पण पाहून जा."

भिमाजी मागच्या खोलीत आला. त्याने भिंतीवरचा फ्यूज काढून पाहिला. धड होता. भट्टीकडे येणारी जाड वायर हाताने चाचपत तो खाली आला आणि एका जोडाशी थांबला.

"ह्यो बघा मावशी, हितं ढिल्लं झालंय. मग ईज पुरती कशी येनार?" त्याने पेचकसाने स्क्रू आवळला. काम करताना त्याचं तोंडही चालूच असायचं. "तुमी कुटल्या?"

"वडिवळं."

"म्हंजी कामशेतच्या वर. माझी सासुरवाडी तिकडंच. पोरंबाळं काय तुमाला?"

"येक ल्योक हाय."

"काय करतो?"

"पलटणीत हाय."

"वा! नशीबवान. कुटं असतो?"

"इटलीत."

भिमाजीने जिभेने टॉक केलं. "लय लांब. येईल येईल, आता लढाई सपत आली म्हन्त्यात." आणि तो पेचकस झोळीत टाकून निघून गेला.

कस्तुराबाई तिथेच उभी राहिली. 'हाय' असं आपण म्हणालो हे तिच्या ध्यानात आलं. ते ठरवून म्हटलं नव्हतं. कुणी पाणी मागावं आणि हाताने तांब्या पुढे करावा, तसं तोंडातून गेलं होतं. त्याला हाक मारून परत बोलवावं आणि खरं सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण त्यासाठी दारापर्यंत चालत जावं लागलं असतं. ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी पाव पुन्हा कच्चेच निघाले.

भिमाजी पुन्हा आला. या वेळी त्याने भट्टीची मागची पत्र्याची पाठ उघडली आणि एका दिव्याला दोन वायरी बांधून तारांची टोकं तपासली. खालच्या तारेला लावल्यावर दिवा लागला, वरच्या तारेला लावल्यावरही लागला.

"दोनी तारा जित्त्या हायेत," तो म्हणाला. मग पाठ बसवून त्याने बटण तिसऱ्या खुणेवर फिरवलं आणि थोड्या वेळाने दार उघडून आत हात घातला. "गरम हाय की, मावशी. चांगली गरम हाय."

"व्हय?"

"तुमीच बघा."

तिने हात घातला. गरम होतं. पुरेसं गरम होतं का, ते तिला सांगता येईना. पूर्वी ती दार उघडलं की गालावर येणाऱ्या झळीवरून ओळखायची. आता झळ आली काय अन् न आली काय, गालाला काही कळल्यासारखं वाटत नव्हतं.

"माजा पुतन्या बी पलटणीत हाय बघा," भिमाजी सामान आवरत म्हणाला. "त्याला आईच्या हातची भाकर लय आवडती. तुमचा बी आला की भट्टी पेटवा आन् त्याला गरमगरम पाव घाला. काय नाव त्याचं?"

"हौशीराम."

"हां, हौशीराम."

बातमी आल्यापासून त्याचं नाव कुणी तिच्यासमोर असं सहज घेतलं नव्हतं. सगळे 'तो', 'पोरगा', 'गेलेला' असं म्हणत. ती भिमाजीच्या पाठीकडे बघत राहिली.

भट्टीत दोष नाही, असं भिमाजीने पुढे जाऊन सांगितलं. इंदिराबाईंनी दोन दिवस वाट पाहिली. मग एका दुपारी तिला पडवीत बोलावून घेतलं आणि समोर बसवलं.

"कस्तुरा, मी तुला काढून टाकत नाहीये, हे आधी ऐक. तुझी जागा तुझीच आहे. पण तू काही दिवस गावी जा. सुनेजवळ राहा. बरं वाटलं की ये."

"बरं," कस्तुराबाई म्हणाली.

"तुला राग नाही ना आला?"

"न्हाई."

खरंच आला नव्हता. सुनेबद्दल मात्र एक गोष्ट मनात होती. शालूचा बाप तिला माहेरी न्यायला आला होता, पुढे तिचं म्होतूर, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायचं त्याच्या मनात होतं, आणि सोपानने माणसाकरवी विचारलं होतं, की वैनी, काय करायचं? तुमाला वाटंल ते करा, एवढाच निरोप तिने परत धाडला होता. आता तिथे जाऊन तेच तोंडाने सांगायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती भट्टी पुसायला बसली. बाहेर बोचरा वारा सुटला होता म्हणून खिडकी लावून घेतली. खोलीत अंधारलं. तिने जाळ्या काढून घासल्या, आतले पिठाचे कण झाडले, आणि ओल सुकावी म्हणून बटण पहिल्या खुणेवर फिरवून दार उघडंच ठेवलं. मग काही करायचं उरलं नाही म्हणून ती समोर पाटावर बसून राहिली.

दोन्ही तारा हळूहळू तांबूस झाल्या. विझत आलेल्या निखाऱ्यासारख्या, मंद. तिने बटण दुसऱ्या खुणेवर नेलं. वरची तार काळी पडली आणि खालची मात्र लालभडक पेटली, मिरचीसारखी. तिचा चेहरा तापला. मग तिने तिसरी खूण लावली. आता दोन्ही तारा खालच्यासारख्याच पेटायला हव्या होत्या. पण त्या दोन्ही पुन्हा मंदावल्या. तांबूस, पहिल्या खुणेवर होत्या तशाच.

ती बघत राहिली. पुन्हा दुसरी खूण, पुन्हा तिसरी. तसंच.

उठून तिने दोन पत्र्यांवर चिमूट चिमूट मैदा पसरला. एक दुसऱ्या खुणेवर ठेवला, त्यावरचं पीठ बघता बघता तपकिरी झालं, मग काळं. मग भट्टी निवू देऊन दुसरा तिसऱ्या खुणेवर तेवढाच वेळ ठेवला. पीठ पांढरंच राहिलं. ते दोन्ही पत्रे हातात घेऊन ती विहिरीवरून, त्र्यंबकभटांच्या स्वयंपाकघराच्या दारावरून, थेट पडवीत गेली.

"बाई," ती म्हणाली, "भिमाजीला येकदा आनखी बोलवा."

इंदिराबाईंनी पत्रे पाहिले. त्यांना काही उमगलं नाही. पण गावाहून परत आल्यापासून कस्तुराबाईने काही मागितलं ते हे पहिल्यांदाच. त्यांनी लगेच माणूस पाठवला.

भिमाजी संध्याकाळच्या आत आला. आज तो गप्प होता. आत येताना चपला काढून आला, एवढं कधी करत नसे. कस्तुराबाईने खिडकी लावली आणि बटण फिरवून त्याला एकेक खूण दाखवली. तो उकिडवा बसून बघत होता.

"मी उजेडात बघितलं," तो पुटपुटला. "उजेडात लाली कळतच न्हाई. आन् हात भाजला म्हंजी गरम हाय असं धरून चाललो."

त्याने वीज बंद केली आणि बटणाची चकती काढून आतला स्विच उघडला. आत पितळेच्या पट्ट्या होत्या. त्यातली एक जळून काळी पडली होती, तिचं टोक झिजून पार गेलं होतं.

"ह्ये हाय दुखनं. तिसऱ्या खुनेला हिनं दोनी तारांना येगयेगळी ईज द्याची. ही टेकतच न्हाई, तवा ईज येका तारंतनं निघून दुसरीत जाती. दोगींच्या वाट्याला थोडी थोडी. तारा धड, फ्यूज धड, आन् भट्टी अर्धमेली." तो थांबला. "तुमच्या हाताचा काय बी दोष न्हाई, मावशी."

लढाईमुळे नवा स्विच मिळणं शक्य नव्हतं. भिमाजीने झोळीतून एक मोडका जुना स्विच काढला, त्यातली पट्टी सोडवली, कानशीने घासून घासून मापात आणली आणि बसवली. घासताना तो खाली मान घालूनच बोलला.

"त्या दिवशी विहिरीवर आचाऱ्यांनी सांगितलं मला. हौशीरामचं." कानस थांबली. "मी येड्यासारका बोलत व्हतो. गरम पाव घाला म्हनलो. तुमी सांगायचं तरी."

कस्तुराबाई म्हणाली, "तुमी इच्यारलं तवा तोंडातून गेलं. मुद्दाम न्हाई." मग म्हणाली, "आन् तुमी त्याचं नाव घेतलं त्ये वंगाळ न्हाई वाटलं."

भिमाजीने वर पाहिलं. तिचे डोळे कोरडेच होते. त्याने बटण बसवलं, वीज चालू केली, तिसरी खूण लावली. वरची तार पेटली, खालची पेटली, आणि अंधाऱ्या खोलीत दोघांचे चेहरे लाल दिसायला लागले.

दुसऱ्या सकाळी तिने गावी जाण्याऐवजी पीठ मळलं. पाव टप्प आवाज करून फडक्यावर पडले. कवच खरपूस, मधे फुगून तडकलेलं. इंदिराबाई स्वतः आल्या, एक पाव उचलला आणि गरम म्हणून या हातातून त्या हातात करत उभ्या राहिल्या.

"कस्तुरा, आम्ही सगळ्यांनी तुझ्यावरच ढकललं गं. मशीन बिघडलं असेल हे माझ्या मनालाही शिवलं नाही."

"माज्याबी न्हाई शिवलं," कस्तुराबाई म्हणाली.

आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही. पण त्या दिवशी तिने पावाची कड मोडून तोंडात घातली, आणि तिला चव लागली. मीठ किंचित कमी होतं. उद्या चिमूटभर वाढवायचं, असं तिने ठरवलं. 'उद्या' असा विचार मनात येऊन कितीतरी दिवस झाले होते.

आठवड्याने रजा मागून ती वडिवळ्याला गेली. या वेळी कुणाला कळवलं नव्हतं. घरी कुणी नव्हतं. भाताची झोडणी चालू होती, सगळी खळ्यावर. शालू एकटीच मागच्या अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. सासू दिसली तशी ती गडबडीने पदर तोंडावर ओढायला लागली.

"ऱ्हाऊ दे," कस्तुराबाई म्हणाली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. "तुजा बा आलता म्हनं. म्या निरोप दिला व्हता, तुमाला वाटंल ते करा म्हनून. त्यो चुकला. तुला कुनी इच्यारलंच न्हाई. तुला काय वाटतं?"

शालू सुपातला खडा शोधत राहिली.

"बोल. म्या कुनाला सांगनार न्हाई."

"आत्या," शालू खालच्या आवाजात म्हणाली, "मला त्येंचा चेहरा नीट आटवत न्हाई. लगीन झालं आन् थोड्याच दिसांत त्ये गेले. सगळ्या म्हन्त्यात रड, रड. कुनासाटी रडू? मला त्येंचं काय म्हाईतच न्हाई. बूट आटवत्यात. आन् विडी वढायचे त्ये गुपचूप, तेवडं." ती थांबली. "मी वंगाळ हाय का?"

कस्तुराबाई सुपाकडे बघत होती. ती म्हणाली, "विडी वढायचा? मला न्हाई म्हाईत."

"गोठ्याच्या मागं. आत्याला सांगू नगं म्हनले व्हते."

कस्तुराबाईच्या ओठाचा कोपरा हलला. मग ती बोलायला लागली. लहानपणी हौशीराम कच्चं पीठ चोरून खायचा आणि पोट धरून लोळायचा. इंजिनाच्या शिट्टीला भ्यायचा आणि भ्यालो नाही असं दाखवायला स्वतःच शिट्टी घालायचा. त्र्यंबकभट अंघोळ करून निघाले की मुद्दाम त्यांच्या वाटेत उभा राहायचा, आणि म्हातारा ओरडत पुन्हा विहिरीवर जायचा. असल्या कितीतरी खोडसाळ, क्षुल्लक आठवणी. शालू ऐकत होती. एकदा ती फसकन हसली आणि घाबरून तोंडावर हात ठेवला. अंगणात दोघींखेरीज कुणी नव्हतं. उन्हं कौलांवर गेली तरी तांदूळ तसाच राहिला होता.

"मला बाच्या घरीच जायचंय आत्या," शेवटी शालू म्हणाली. "पन लगेच नगं. थोडं दिस तुमच्या संगं येऊ का? ती भट्टी बघायची हाय मला."

सोपानने कपाळाला आठ्या घातल्या, बयाबाई लोक काय म्हणतील म्हणाली. कस्तुराबाईने दोघांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन गाडीत बसली.

शालू शिमग्यापर्यंत लोणावळ्यात राहिली. विजेच्या बटणाला हात लावायला ती आधी फार भ्यायची. पदर बोटाला गुंडाळून फिरवायची. तिचा पहिला पाव एका अंगाला कलला. पारशी म्हाताऱ्यांनी तोही खाल्ला आणि चांगला आहे म्हणाले. सासूसुना संध्याकाळी दार लावून भट्टीपुढे बसत. कधी बोलत, कधी नुसत्याच बसत. रडणं दोघींनाही आलं नाही, आणि आता त्याची वाट पाहायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

चैत्रात शालूचं म्होतूर लागलं. नवरा नवलाख उंबरे गावचा, आधीची बायको गेलेला, कमी बोलणारा. कस्तुराबाईही म्होतराला आली होती. बायांमध्ये बसली, शालूच्या कपाळाला कुंकू लावायची वेळ आली तेव्हा तिने आपणहून उठून ते लावलं.  विधवेने कुंकू लावलेलं बायांनी पाहिलं, पण कुणी तिला अडवलं नाही.

जेवणं आटोपली तशी ती निघाली. शालू वेशीपर्यंत सोबत आली.  तळेगावला गाडी मिळाली, आणि दिवस मावळायच्या आत कस्तुराबाई लोणावळ्याला पोचली. इंदिराबाईंनी सांगितलं की उद्या मुंबईचं एक मोठं कुटुंब उतरणार आहे. तिने हातपाय धुतले, परात पुढे ओढली आणि मैदा चाळायला घेतला.